संन्यास घेतला, पण निजामाशी भिडायचं सोडलं नाही : स्वामी रामानंद तीर्थ

अहमदपूरच्या पोरांच्या डिग्रीवर विद्यापीठाच्या नावात एका संन्याशाचं नाव असतं. मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म ३ ऑक्टोबर १९०३, विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगीचा.

शिक्षण सोलापूर, अमळनेर आणि पुण्यात झालं. पुढे कामगार नेते ना. म. जोशींसोबत काम केलं आणि १९२९ ला ते निजामाच्या राज्यात हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले. १४ जानेवारी १९३० ला तिथंच संन्यास घेतला. वय अवघं २६. भगवी वस्त्रं आली, पण शाळा सुटली नाही. १९३५ नंतर अंबाजोगाईला त्यांनी पोरं शिकवली, आणि यातलीच पुढे चळवळीत उतरली.

१९३८ ला स्टेट काँग्रेस उभी राहण्याआधीच निजामानं तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि तुरुंगात गेले. बंदी उठली ती थेट १९४६ ला.

मग आलं १९४७. देश स्वतंत्र झाला, पण निजामाला भारतात यायचं नव्हतं. १५ ऑगस्टला स्वामीजींनी हैदराबादेत तिरंगा फडकवला आणि लगेच अटक झाली. नोव्हेंबरमध्ये सुटका, जानेवारीत पुन्हा आत. बाहेर लातूरला वकिली केलेल्या कासीम रझवीचे रझाकार गावं लुटत, जाळत होते. सरहद्दीपलीकडे भारताच्या हद्दीत कॅम्प उघडून तरुण बंदुका चालवायला शिकत होते. शेजाऱ्याला शेजाऱ्याची भीती वाटायला लागली होती. याला यादवी म्हणायचं नाही तर काय?

१३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या. १७ तारखेला निजाम शरण आला आणि स्वामीजी सुटले.

आपल्याकडे गोष्ट इथंच थांबवतात. पण नंतरच्या दिवसांत सूड उगवला गेला आणि त्यात रझाकारांशी काही संबंध नसलेले असंख्य मुसलमान मारले गेले. केंद्रानं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीचा अंदाज होता २७ ते ४० हजार मृत्यूंचा. सगळ्यात जास्त झळ बसलेले जिल्हे चार : उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. अहमदपूर तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता. हा अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला, २०१३ पर्यंत लोकांना तो वाचायलाही मिळाला नाही.

स्वामीजी १९५२ ला गुलबर्ग्यातून आणि १९५७ ला औरंगाबादेतून खासदार झाले. ज्या हैदराबादसाठी ते लढले, त्याचेच भाषेप्रमाणे तीन तुकडे करा, हा आग्रह त्यांनी धरला. १९५६ ला तसंच झालं. अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके बीदरमधून निघून उस्मानाबाद जिल्ह्यात आले. १९८२ ला लातूर जिल्हा झाला, तेव्हा अहमदपूर त्यात गेलं.

ते पाहायला स्वामीजी नव्हते. २२ जानेवारी १९७२ ला ते गेले. नांदेडचं विद्यापीठ सुरू झालं १९९४ ला, तारीख ठेवली १७ सप्टेंबर.