संत गोन्सालो गार्सिया : दार उघडेपर्यंतची वर्षे



दरवर्षी ६ फेब्रुवारीला ख्रिस्तसभा नागासाकीच्या सव्वीस रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. त्या सव्विसांपैकी एक आपल्या महाराष्ट्राच्या मातीतले, वसईचे : संत गोन्सालो गार्सिया. भारतात जन्मलेले पहिले संत म्हणून त्यांचे नाव आपण लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ करतो आणि पुढे विसरून जातो. खरे सांगायचे तर कळंबसारख्या ठिकाणी, समुद्रापासून इतक्या दूर, हे संत थोडे परकेच वाटतात. आम्हालाही तसेच वाटत असे. त्यांचे चरित्र नीट वाचल्यावर मात्र ध्यानात आले की क्रुसावरचे मरण एवढीच त्यांच्या आयुष्यातली मोठी गोष्ट नाही. त्याआधी कितीतरी वर्षे हा माणूस एका बंद दारासमोर उभा होता.

आणि वाट पाहणे म्हणजे काय, हे कळंबच्या माणसाला कोणी शिकवायला नको. मृग निघाला की आपण आभाळाकडे बघत बसतो. बियाणे, खत घरात येऊन पडलेले असते आणि पावसाचा पत्ता नसतो. घाई करून पेरले तर दुबार पेरणी, थांबावे तर हंगाम जातो. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तो काळ कोण विसरेल? पण त्या कोरड्या दिवसांतही शेतकरी हातावर हात ठेवून बसला नव्हता. नांगरट झाली, काडीकचरा वेचला गेला, बांध नीट केले गेले. पाऊस आपल्या हातात नाही, रान तयार ठेवणे आपल्या हातात आहे. गोन्सालोंचे आयुष्य वाचताना आम्हाला पुन्हा पुन्हा हेच आठवत राहिले.

त्यांचा जन्म १५५७ च्या सुमारास वसईचा. वडील पोर्तुगीज, आई इथली. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. किल्ल्याच्या तटाच्या आत चर्चेस आणि मठ उभे राहत होते. संत फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेले होते आणि येशूसंघीय धर्मगुरूंची शाळाही तिथे सुरू झाली होती. छोटा गोन्सालो या धर्मगुरूंच्या सहवासात वाढला. पूर्वेकडच्या देशांतील मिशनकार्याच्या गोष्टी त्याच्या कानावर पडत असणारच. वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी, म्हणजे १५७२ च्या सुमारास, तो येशूसंघीयांबरोबर जहाजात बसला आणि थेट जपानला गेला.

आजच्या हिशेबाने दहावीतला मुलगा. घर, आई, भाषा, सगळे मागे सोडून.

जपानमध्ये त्यांनी काय केले? भाषा शिकली. जपानी भाषा परदेशी माणसाला फार जड जाते. मोठमोठे विद्वान धर्मगुरूही तिच्यापुढे हात टेकत. हा वसईचा पोरगा मात्र ती जपानी माणसासारखी बोलू लागला. मग धर्मशिक्षक म्हणून गावोगाव जाणे, मुलांना प्रार्थना शिकवणे, लोकांना ख्रिस्ताची ओळख करून देणे, धर्मगुरूंसाठी दुभाषी म्हणून उभे राहणे, असे आठ वर्षे चालले. आपल्या मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत सायकलवर आणि पायी फिरून ज्या धर्मशिक्षकांनी श्रद्धा रुजवली, ज्यांची नावे आज कुठल्या फलकावर नाहीत, त्यांच्याच जातीचे हे काम. गुरुवस्त्र नाही, पद नाही, पण त्यांच्यावाचून काही हलत नाही.

गोन्सालोंच्या मनात एकच इच्छा होती : आपण येशूसंघात प्रवेश घ्यावा, व्रतस्थ व्हावे. त्यांनी विनंती केली. परंपरा सांगते की त्यांना आशा दाखवली गेली, पण दार काही उघडले नाही. त्या काळी हिंदुस्थानात जन्मलेल्या, त्यातही देशी आईच्या पोटी आलेल्या तरुणांना संघात घेण्याविषयी युरोपीय वरिष्ठांच्या मनात मोठी नाखुशी असे. हे आपण लपवू नये. ख्रिस्तसभा पवित्र आहे, पण तिच्या कारभारात माणसेच असतात, आणि माणसांच्या नजरेला कातडीचा रंग आधी दिसतो. ज्याने आपले कोवळे वय मिशनला दिले, त्याच्या पदरी थांब, अजून थांब एवढेच पडले.

अशा वेळी माणूस काय करतो, हे आपण आजूबाजूला पाहतोच. एखाद्याला धर्मग्रामाच्या समितीत घेतले नाही तर तो रविवारची मिस्सासुद्धा सोडतो. एखाद्याच्या मुलाला शाळेत नोकरी मिळाली नाही तर सगळे घर चर्चशी बोलेनासे होते. (हसू नका, यात आम्हीही आलो.) गोन्सालोंना यापेक्षा किती मोठे कारण होते! त्यांनी येशूसंघ सोडला हे खरे, पण कोणाविरुद्ध रान उठवले नाही आणि श्रद्धा सोडली नाही. ते व्यापारात शिरले. मकाव आणि पूर्वेकडच्या इतर बंदरांतून त्यांनी व्यापार केला आणि त्यात त्यांचे चांगले बस्तान बसले. जपानी भाषा येणारा, लोकांशी गोड बोलणारा, शब्दाला पक्का व्यापारी कोणाला नको असतो?

काही चरित्रकार हा व्यापाराचा काळ चार ओळींत उरकून टाकतात, जणू तो वाया गेलेला काळ होता. आम्हाला तसे वाटत नाही. वाट पाहणाऱ्या माणसालाही पोट असते. त्याने कष्ट करून भाकरी खावी, प्रामाणिकपणे वागावे आणि मनातली हाक जिवंत ठेवावी, यात कमीपणा कसला? परमेश्वराने अब्राहामाला वचन दिले तेव्हा तोही तंबूत डोळे मिटून बसला नव्हता. मेंढरे राखीत होता, विहिरी खणीत होता, आल्यागेल्याला जेवू घालीत होता. पंचवीस वर्षे गेली आणि मग इसहाक आला. मध्येच सारा आणि अब्राहामाने घाई केली, आपल्या अकलेने वचन पुरे करायला गेले आणि हागार व इश्माएल यांच्या वाट्याला दुःख आले, हेही पवित्र शास्त्र लपवीत नाही.

व्यापाराच्या निमित्ताने गोन्सालो फिलिपिन्सच्या मनिला शहरात जाऊन पोहोचले. तिथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन व्रतस्थांशी पडली. अनवाणी चालणारे, भिक्षेवर जगणारे, कुष्ठरोग्यांची सेवा करणारे हे लोक. मग एके दिवशी या यशस्वी व्यापाऱ्याने गोणपाटासारखा जाडाभरडा झगा अंगात घातला. १५८० च्या दशकाच्या अखेरीस ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. ब्रदर म्हणजे मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू नव्हेत. दार उघडणे, स्वयंपाक, आजाऱ्यांची सेवा, हे ब्रदरचे काम. पहिल्यांदा विनंती केली त्याला तोपर्यंत बरीच वर्षे लोटली होती आणि गोन्सालोंनी तिशी गाठली होती. जे दार ते ठोठावत होते ते उघडलेच नाही. उघडले ते दुसरेच, आणि त्याचा उंबरठाही अधिक खालचा होता.

यापुढची गोष्ट वाचताना मात्र अंगावर काटा येतो.

जपानचा सत्ताधारी त्या वेळी टोयोटोमी हिदेयोशी होता. त्याने १५८७ मध्ये मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, आणि आता फिलिपिन्सनेही आपल्यापुढे मान तुकवावी अशी त्याची मागणी होती. त्याच्याशी बोलणी करायला मनिलाच्या गव्हर्नरने १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्टिस्टा यांच्या नेतृत्वाखाली चार फ्रान्सिस्कन पाठवले. स्पेनहून आलेल्या या धर्मगुरूंना जपानी भाषा कुठून येणार? दरबारात बोलायचे कोणी? चौघांपैकी एक होते ब्रदर गोन्सालो. तरुणपणी ज्या आठ वर्षांच्या बदल्यात त्यांना काहीच मिळाले नाही असे वाटत होते, त्याच आठ वर्षांतली भाषा आता त्यांच्या तोंडी होती. त्यांच्या मुखातून शिष्टमंडळाचे म्हणणे हिदेयोशीपर्यंत पोहोचले. त्याने या गरीब साधूंना राहण्याची परवानगी दिली, क्योतो येथे जागाही दिली. तिथे छोटे चर्च उभे राहिले, त्याच्या शेजारी कुष्ठरोग्यांसाठी आणि गोरगरिबांसाठी दवाखाने झाले. तीनएक वर्षे काम जोरात चालले.

ऑक्टोबर १५९६ मध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले सान फेलिपे नावाचे मोठे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. जहाजावर मोठा माल होता. तो जप्त झाला. त्या गडबडीत मिशनरी हे स्पेनच्या राजाचे हेर आहेत असा संशय हिदेयोशीच्या कानात भरला गेला. डिसेंबरच्या ८ तारखेला फ्रान्सिस्कनांच्या मठाभोवती पहारा बसला. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचे तुकडे कापण्यात आले आणि त्यांना गाड्यांवर बसवून शहरातून फिरवण्यात आले. मग भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत महिनाभराची वाटचाल झाली. अंतर सातशे-आठशे किलोमीटर, म्हणजे जवळपास कळंबहून मुंबईला जाऊन परत येण्याइतके. निघाले तेव्हा चोवीस होते, वाटेत दोघांची भर पडून सव्वीस झाले. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि सतरा जपानी प्रापंचिक. त्यांत बारा-तेरा-चौदा वर्षांची मुलेही होती.

या मेळ्यात वाट पाहणारे गोन्सालो एकटेच नव्हते. फेलिपे हे मेक्सिकोचे तरुण फ्रान्सिस्कन गुरुदीक्षेसाठी मायदेशी निघाले होते आणि त्याच फुटक्या जहाजावरून इथे येऊन पोहोचले होते. येशूसंघाचे पौल मिकी उत्तम प्रवचनकार, पण त्यांची गुरुदीक्षा अजून व्हायची होती. याकोब किसाई चौसष्ट वर्षांचे, योहान गोतो एकोणीस वर्षांचे. दोघेही येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली सेवा करणारे, अजून व्रते न घेतलेले. ५ फेब्रुवारीच्या सकाळी नागासाकीला पोहोचल्यावर येशूसंघाचे फादर पासिओ त्यांना भेटायला आले आणि त्या दोघांनी तिथेच, मरणाच्या काही तास आधी, येशूसंघाची व्रते घेतली. गोन्सालो जवळच असणार. ज्या संघाच्या दारात त्यांची तरुणपणाची वर्षे गेली, त्या संघाचे दार त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या दोघांसाठी उघडले. त्यांना त्या क्षणी काय वाटले असेल? आम्ही हा प्रसंग वाचून बराच वेळ पुस्तक मिटून बसलो होतो.

ख्रिस्तसभेनेही पुढे घाई केली नाही. १६२७ मध्ये या सर्वांना धन्यवादित घोषित करण्यात आले. त्यानंतर वसईत काय काय झाले! १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, तटाआतली चर्चेस ओस पडली, छपरे कोसळली. संतपदाची घोषणा पोप पायस नववे यांनी ८ जून १८६२ रोजी केली, म्हणजे मरणानंतर २६५ वर्षांनी. आज वसईच्या किल्ल्यात त्यांच्या नावाने ओळखले जाणारे जुने चर्च पाहायला लोक जातात. आपल्यापैकी कोणी मुंबईला गेले तर लोकलने वसई फार दूर नाही. सवड काढून एकदा जरूर जावे.

आता ५ फेब्रुवारीची ती सकाळ. नागासाकीजवळच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस जमिनीवर मांडून ठेवलेले होते. प्रत्येकाचा क्रूस ठरलेला होता. सांगतात की टेकडीवर ब्रदर गोन्सालो सर्वांच्या आधी पोहोचले. समोरच्या क्रुसाकडे बोट दाखवून त्यांनी शिपायांना विचारले, हा माझा का? ते अर्थातच जपानीत विचारले असणार. उत्तर मिळाले की अजून नाही, तुझा पुढे आहे. ते पुढे गेले. त्यांचा क्रूस दाखवण्यात आला तेव्हा त्यांनी तिथे गुडघे टेकले आणि त्याला मिठी मारली.