इरावतीबाई कर्वे : मोजले तेच लिहिले

मुलांनो, आईकडून २३ आणि वडिलांकडून २३ गुणसूत्रे येतात आणि त्यांवरील जनुकांतून रक्तगटासारखे गुण आपल्यात उतरतात, हे तुम्ही इथल्या शाळेत शिकता. याच आनुवंशिकतेच्या नावाखाली एके काळी माणसांत उच्चनीच ठरवले जात होते. तेव्हा खरे तेच लिहिणाऱ्या एका मराठी बाईंची ही ओळख.

इरावतीबाईंचा जन्म १९०५ साली ब्रह्मदेशात झाला. तिथल्या इरावती नदीवरून वडिलांनी, गणेश हरी करमरकरांनी, त्यांचे नाव ठेवले. सातव्या वर्षी त्यांना शिकण्यासाठी पुण्याला हुजूरपागेत पाठवले. पुढे त्या फर्ग्युसनमधून बी.ए. आणि मुंबई विद्यापीठातून एम.ए. झाल्या. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव दिनकर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

१९२८ साली त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर मानवी आनुवंशिकतेच्या संस्थेचे प्रमुख होते. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीच्या दोन बाजू असमान असतात आणि ती त्यांच्या अधिक बुद्धीची खूण आहे, असे फिशर मानत. ते तपासायचे काम इरावतीबाईंकडे आले. त्यांनी निरनिराळ्या वंशांच्या १४९ कवट्या मोजल्या. असमानपणाचा वंशाशी काही संबंध दिसला नाही. देश परका आणि पदवी गुरूंच्या हातात, तरी त्यांनी प्रबंधात तेच लिहिले आणि डॉक्टरेट घेऊन त्या परतल्या.

फिशर यांचे विचार नाझींच्या कामी आले. आजी-आजोबा कोण, यावरून यहुदी कोण हे १९३५ च्या न्युरेंबर्ग कायद्यांनी ठरवले आणि यहुद्यांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढचे आपण योम हाशोआला स्मरतो.

कवट्या मोजण्याचे वेड आयर्लंडातही होते. १८९० साली इनिशबोफिन बेटावरून १३ कवट्या चोरून नेल्या गेल्या. त्या आपल्या स्वोर्ड्सजवळच, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात, राहिल्या. २०२३ साली त्या परत नेऊन बेटावर पुरल्या.

१९३९ पासून इरावतीबाई पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव हिंडून त्यांनी लोकांची शरीरमापे आणि रक्तगट नोंदले. महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजाती शरीराने एकसारख्या नाहीत, हे त्यांनी कैलाश मल्होत्रांसह १९६८ साली दाखवले. त्यांच्या ‘युगान्त’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ११ ऑगस्ट १९७० रोजी त्या वारल्या.

२०१६ साली बेने इस्राएलांच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपल्या पूर्वजांत यहुदीही आहेत आणि भारतीयही, असे त्यात आढळले. नवगावच्या किनाऱ्याची गोष्ट घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकाल तेव्हा हेही त्यांना सांगा. पूर्वज कुठले, ते रक्तावरून कळते. माणूस उंच की नीच, ते कळत नाही.