स्वावलंबी बर्था बेंझ

जर्मनी देशाच्या नैर्ऋत्य भागात फोर्ट्सहाइम नावाचे एक शहर आहे. डोंगरउतारांच्या कुशीत वसलेले हे शहर सोन्याचांदीच्या दागिन्यांसाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. याच शहरात ३ मे १८४९ रोजी बर्था रिंगर हिचा जन्म झाला. तिचे वडील सुतारकामाचा व घरबांधणीचा व्यवसाय करीत. त्यांनी आपल्या कष्टाने चांगली संपत्ती मिळवली होती. करवत, रंधा आणि पटाशी यांच्या सहवासात बर्था लहानाची मोठी झाली.

बर्था बुद्धीने तल्लख होती. एखादे यंत्र दिसले की ते कसे चालते हे समजून घेतल्याविना तिचे समाधान होत नसे. परंतु त्या काळी स्त्रियांना उच्च शिक्षण घेण्याची मुभा नव्हती. बर्था ज्या बाडेन राज्यात राहत होती, तेथील विद्यापीठांची दारे मुलींसाठी १९०० साली उघडली. तोपर्यंत बर्था पन्नाशीला पोहोचली होती. शाळेतील शिक्षण संपले, पण तिची जिज्ञासा संपली नाही. जे ज्ञान विद्यापीठात मिळाले नाही, ते तिने पुढे आपल्या पतीच्या कारखान्यात, प्रत्यक्ष यंत्राजवळ उभे राहून मिळवले.

तिच्या पतीचे नाव कार्ल बेंझ. कार्ल हा गरिबीत वाढलेला, पण असामान्य कल्पक असा तरुण अभियंता होता. घोड्यांच्या मदतीवाचून स्वतःच्या शक्तीने धावणारी गाडी तयार करावी, हा त्याचा ध्यास होता. १८७१ साली त्याने मानहाइम शहरात एका भागीदारासह लहानसा कारखाना काढला. परंतु भागीदाराशी त्याचे पटेना आणि कारखाना बंद पडण्याची वेळ आली. तेव्हा बर्थाचा कार्लशी विवाहही झालेला नव्हता. तरीही तिने आपल्या वडिलांकडून हुंड्याची रक्कम आगाऊ मागून घेतली आणि त्या पैशाने भागीदाराचा हिस्सा विकत घेऊन कारखाना वाचवला. २० जुलै १८७२ रोजी त्या दोघांचा विवाह झाला.

विवाहानंतरची वर्षे सुखाची नव्हती. घरात लहान मुले होती, डोक्यावर कर्ज होते आणि कार्लने बनवलेले नवे इंजिन काही केल्या चालत नव्हते. १८७९ सालचा शेवटचा दिवस उजाडला. लोक नव्या वर्षाच्या स्वागताच्या तयारीत होते, पण बेंझ यांच्या घरी काळजीचे सावट होते. रात्रीचे जेवण आटोपल्यावर बर्थाबाईंनी पतीला धीर दिला आणि आणखी एकदा प्रयत्न करून पाहण्याचा आग्रह धरला. दोघेही कारखान्यात गेली. कार्लने इंजिन फिरवले आणि काय आश्चर्य! इतके दिवस रुसून बसलेले ते यंत्र एका लयीत चालू लागले. पतिपत्नी कितीतरी वेळ त्याचा आवाज ऐकत तेथेच उभी राहिली.

त्यानंतर कार्लने आणखी परिश्रम घेतले. २९ जानेवारी १८८६ रोजी त्याने आपल्या तीन चाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि त्याच वर्षी ती गाडी मानहाइमच्या रस्त्यांवरून लोकांसमोर चालवून दाखवली. परंतु लोकांचा या गाडीवर विश्वास बसेना. तिचा आवाज ऐकून घोडे बुजत. रस्त्यात ती बंद पडली की बघ्यांना हसू आवरत नसे. गाडी पाहण्यास गर्दी जमे, मात्र विकत घेण्यास कोणी पुढे येत नसे. कार्ल स्वभावाने अतिशय चिकित्सक होता. गाडीत अजून सुधारणा हवी, असे म्हणून तो तिला शहराबाहेर दूर नेण्याचे टाळत असे. इकडे घरातील पैसा संपत चालला होता.

ही गाडी लांबचा पल्ला गाठू शकते, हे लोकांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झाल्याशिवाय तिला गिऱ्हाईक मिळणार नाही, हे बर्थाबाईंनी ओळखले. त्यांनी मनाशी एक धाडसी बेत आखला. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुलांना शाळेची सुटी होती. बर्थाबाईंची आई फोर्ट्सहाइमला राहत असे. मानहाइमपासून ते अंतर सुमारे १०० किलोमीटर होते. आईच्या भेटीला आगगाडीने न जाता मोटारगाडीने जायचे, असे त्यांनी ठरवले. थोरला मुलगा ऑयगेन १५ वर्षांचा होता, तर धाकटा रिखार्ड १३ वर्षांचा. दोघेही आनंदाने तयार झाले. कार्लला मात्र या बेताचा पत्ता लागू दिला नाही. पहाटे तो झोपेत असतानाच तिघांनी गाडी बाहेर काढली आणि प्रवासास प्रारंभ केला.

आज १०० किलोमीटरचा प्रवास आपणांस क्षुल्लक वाटतो. त्या काळी मात्र मोटारीसाठी बांधलेले रस्ते नव्हते, पेट्रोलचे पंप नव्हते आणि बिघडलेली मोटार दुरुस्त करणारा कारागीर तर साऱ्या जगात शोधूनही सापडला नसता. बैलगाड्यांच्या व घोडागाड्यांच्या चाकोऱ्या पडलेल्या वाटांवरून ती हलकी गाडी हेलकावे खात चालली होती. इंजिन थंड ठेवण्यासाठी लागणारे पाणी वाफ होऊन उडून जाई. म्हणून वाटेत जेथे विहीर, ओढा किंवा खानावळ लागे, तेथे थांबून पाणी भरावे लागे. वीसलोख या गावी पोहोचेपर्यंत इंधन संपत आले. तेव्हा बर्थाबाईंनी गावातील औषधांच्या दुकानातून लिग्रोइन नावाचे द्रव्य विकत घेतले. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी लोक ते वापरीत असत आणि त्यावरच ही गाडी चालत असे. म्हणूनच औषधांचे ते दुकान जगातील पहिला पेट्रोलपंप म्हणून ओळखले जाते.

संकटे एकामागून एक येतच होती. एकदा इंधनाची नळी कचऱ्याने तुंबली आणि इंजिन बंद पडले. बर्थाबाईंनी आपल्या टोपीला लावलेली लांब टाचणी काढली आणि ती नळीत घालून कचरा दूर केला. पुढे विजेच्या तारेवरील वेष्टन झिजले. तेथे त्यांनी मोजा घट्ट बसावा म्हणून पायाला बांधलेला बंध गुंडाळला आणि काम भागवले. चाके फिरवणारी साखळी सैल झाली, तेव्हा ब्रुखझाल गावच्या लोहाराकडून ती नीट करून घेतली. कोठेही त्यांनी कपाळाला हात लावला नाही. यंत्राचा प्रत्येक भाग कशासाठी आहे हे त्यांना ठाऊक होते. त्यामुळे बिघाड कोठे झाला हे त्यांच्या लवकर ध्यानात येई आणि हाताशी असेल त्या वस्तूने त्या तो दूर करीत.

परंतु सर्वांत मोठी चिंता होती ती ब्रेकची. गाडी बंद पडली तर फार तर खोळंबा होतो, पण उतारावर ती थांबली नाही तर जिवावर बेतते. या गाडीचा ब्रेक अगदी साधा होता. चालकाने हातातील दांडा ओढला की लाकडाचे ठोकळे चाकांवर दाबले जात आणि त्या घर्षणाने वेग कमी होई. सपाट रस्त्यावर एवढी योजना पुरेशी होती. डोंगराळ मुलुखात मात्र मोठमोठे उतार लागले आणि घासून घासून ठोकळे झिजू लागले. दांडा कितीही ओढला तरी गाडी पुरेशी आवरेना. गाडीत दोन मुले बसलेली होती. शिवाय ही गाडी दरीत कोसळली असती, तर तिच्याबरोबर कार्लची सारी मेहनतही मातीमोल झाली असती आणि मोटार हे जीवघेणे वाहन आहे असा लोकांचा कायमचा ग्रह झाला असता.

बर्थाबाईंनी शांतपणे विचार केला. लाकूड गुळगुळीत होऊन निसटते. त्यावर चाकाला घट्ट धरील आणि स्वतः झिजून लाकडाला वाचवील, असे काहीतरी बसवले पाहिजे. अशी वस्तू कोणती? चामडे! बाउश्लोट नावाच्या खेड्यात त्यांनी जोडे शिवणाऱ्या एका कारागिराला गाठले. जोड्याला तळ ठोकावा तसे त्याने ब्रेकच्या ठोकळ्यांना चामड्याचे तुकडे ठोकून दिले. मोटारीच्या ब्रेकवर बसवलेल्या अस्तराचे हे पहिले उदाहरण मानले जाते. त्या कारागिराने जन्मात कधी मोटार दुरुस्त केली नसेल. पण काय हवे आहे हे बर्थाबाईंना नेमके सांगता आले, म्हणूनच त्याच्या कौशल्याचा उपयोग झाला.

पुढे चामड्याची जागा अधिक टिकाऊ पदार्थांनी घेतली, पण मूळ तत्त्व तेच राहिले. आजही मोटारीच्या ब्रेकमधील अस्तर स्वतः झिजते व मुख्य भागाचे रक्षण करते. ठरावीक काळाने जुने अस्तर काढून नवे बसवावे लागते. कोणी हे काम कारागिराकडून करून घेतो, तर कोणी जाणकार मनुष्य ते स्वतःच्या हाताने करतो. ते कोणीही केले तरी त्यात हयगय चालत नाही, कारण त्या पातळशा थरावर माणसांचे प्राण अवलंबून असतात.

उतारांची भीती अशी संपली, तरी चढणीचा त्रास होताच. गाडीची शक्ती जेमतेम होती. उभी चढण आली की ती अडखळे. मग खाली उतरून गाडी ढकलावी लागे. अखेर दिवसभराच्या परिश्रमानंतर, धुळीने माखलेली ती तिघे फोर्ट्सहाइमला पोहोचली. बर्थाबाईंनी लगेच तार करून कार्लला सुखरूप पोहोचल्याचे कळवले. काही दिवसांनी त्याच गाडीने त्या मानहाइमला परतल्या.

त्यांनी परत येताना केवळ कौतुक आणले नाही, तर अनुभवही आणला. चढणीवर गाडी का अडते, हे त्यांनी पतीला समजावून सांगितले. त्यांच्या सूचनेवरून कार्लने चढणीसाठी आणखी एक गिअर बसवला. या प्रवासाची वार्ता सर्वत्र पसरली. त्याच वर्षी म्यूनिख येथील प्रदर्शनात बेंझ यांच्या गाडीला सुवर्णपदक मिळाले. हळूहळू गाड्यांना मागणी येऊ लागली आणि पुढे त्यांचा कारखाना जगातील मोठ्या मोटार कारखान्यांमध्ये गणला जाऊ लागला.

गाडीच्या पेटंटवर नाव मात्र एकट्या कार्लचे होते. त्यावेळच्या कायद्यांत विवाहित स्त्रीला आपल्या पैशावर वा उद्योगावर स्वतंत्र हक्क जवळजवळ नव्हता. कार्लने मात्र पत्नीचे ऋण विसरले नाही. आपल्या आत्मचरित्रात त्याने तिच्या धैर्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला. १९२९ साली लाडेनबुर्ग येथे त्याचे निधन झाले. ३ मे १९४४ रोजी, बर्थाबाईंच्या ९५ व्या वाढदिवशी, कार्ल्सरूहे येथील तांत्रिक विद्यापीठाने त्यांना सन्माननीय सदस्यत्व अर्पण केले. ज्या मुलीला एके काळी विद्यापीठाच्या दारातही प्रवेश नव्हता, तिच्याच घरी विद्यापीठाचा सन्मान चालून आला. त्यानंतर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, त्यांनी या जगाचा निरोप घेतला. त्या ज्या वाटेने गेल्या आणि परतल्या, तिला २००८ साली त्यांचे नाव देण्यात आले.

बर्थाबाईंकडे त्या प्रवासात हत्यारांची पेटी नव्हती. टोपीची टाचणी, मोज्याचा बंध आणि चामड्याचे तुकडे एवढ्या सामग्रीवर त्यांनी तो पल्ला गाठला. त्यांची खरी शिदोरी वेगळीच होती. आपण जी वस्तू वापरतो तिचे अंतरंग जाणून घेण्याची आवड, अडचणीत न डगमगणारे मन आणि स्वतःचे हात मळवून घेण्याची तयारी, हीच ती शिदोरी होय. ज्याच्यापाशी ती असेल, त्याची गाडी वाटेत अडली तरी तिथेच अडून राहत नाही.