पंडिता रमाबाई : एकटेपणातील समाधान

पंडिता रमाबाईंच्या चरित्राचा विचार बहुधा समाजसुधारणेच्या वा धर्मांतराच्या वादाच्या अंगाने केला जातो. परंतु त्यांच्या जीवनाचा एक धागा यांहून वेगळा आहे. पतीवाचून स्त्रीच्या जीवनाला अर्थ असतो काय, हा तो प्रश्न होय.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. पिता अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवून लोकनिंदा ओढवून घेतली होती. रमाबाईंना ती विद्या आईकडूनच मिळाली. तीर्थयात्रा व पुराणकथन हेच कुटुंबाचे जीवन होते. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. उरलेला भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोचल्या व तेथील विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० मध्ये भाऊही निवर्तला. त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी जातिबंधन मोडून विवाह केला. १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने बिपिनबाबूंचा अंत झाला, तेव्हा रमाबाई तेवीस वर्षांच्या व कन्या मनोरमा दहा महिन्यांचीही नव्हती.

विधवेचे एकटेपण त्या काळी समाजाने लादलेले होते. त्यात व्रताची भाषा होती, पण निवड नव्हती. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना व 'स्त्रीधर्मनीति'चे प्रकाशन करून रमाबाईंनी स्वतःचा मार्ग शोधण्यास आरंभ केला. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील भगिनीसंघाच्या आश्रयाने राहिल्या. तेथे अविवाहित स्त्रिया स्वेच्छेने सेवेचे जीवन जगत होत्या. समाजाने पतित म्हणून टाकून दिलेल्या स्त्रियांना त्या भगिनी ममतेने सांभाळतात, हे दृश्य त्यांच्या मनावर कायमचे कोरले गेले. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. मात्र त्या स्वतः भगिनी झाल्या नाहीत. चर्चच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे निमूटपणे मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते आणि सिद्धान्तांविषयीचे त्यांचे मतभेद त्यांनी लपविले नाहीत.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास आले. येथील पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई हिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला. स्वतः पुनर्विवाह न करणाऱ्या रमाबाईंनी आपले एकटेपण इतरांवर लादले नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. त्याच वर्षी धर्मप्रसाराच्या आरोपावरून रानडे, भांडारकर प्रभृतींनी सदनाशी संबंध तोडला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

या आघातापूर्वीच त्यांच्या श्रद्धेत पालट झाला होता. आपण धर्म स्वीकारला, परंतु ख्रिस्ताला भेटलो नव्हतो, अशी जाणीव त्यांना झाली होती, असे १९०७ मधील त्यांच्या आत्मनिवेदनावरून दिसते. ज्या समाधानाचा शोध त्यांनी तीर्थक्षेत्रांत व शास्त्रांत घेतला होता, ते त्यांना आता कोणाच्याही आधारावर अवलंबून नसलेल्या कृपेत सापडले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या निराधार मुलींना त्यांनी केडगाव येथे आश्रय दिला. तेथे मुक्तिसदन वाढत गेले. १९०० च्या सुमारास तेथील निवासी स्त्रिया व मुली यांची संख्या दीड हजारांच्या आसपास होती. विणकाम, शेती, छपाई ही कामे त्याच करीत.

उत्तरायुष्यात रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे सुबोध मराठीत भाषांतर हाती घेतले. संस्कृतात वाढलेल्या या पंडितेने अल्पशिक्षित स्त्रियांना कळेल अशी भाषा हेतुतः निवडली. अविवाहित राहून आईच्या कार्यात साथ देणारी मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. उतारवयातला हा आघात सोसून रमाबाईंनी भाषांतराचे काम सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावीच छापले गेले.

रमाबाईंचे समाधान म्हणजे दुःखाचा विसर नव्हे. माता, पिता, बंधू, पती व अखेरीस कन्या अशी एकेक नाती तुटत असता त्यांनी रिकाम्या झालेल्या घरात टाकलेल्यांना जागा दिली. समाजाने विधवेच्या माथी शाप म्हणून मारलेले एकटेपण त्यांच्या जीवनात शेकडो मुलींचे आश्रयस्थान ठरले.