भगव्या वस्त्रातला सत्याग्रही : स्वामी रामानंद तीर्थ

वाचकहो, नांदेड-लातूरकडच्या दिंड्या टाळमृदंग वाजवीत पंढरीची वाट धरतात, तेव्हा त्या मोकळेपणाची किंमत कुणी मोजली हे सहसा आठवत नाही. ह्याच मुलखात एके काळी सार्वजनिक सभा घ्यायची तर आधी निजाम सरकारचा परवाना लागे. १९२९ च्या गश्ती क्रमांक ५३ ने हा फास आवळला. तो सोडविण्यासाठी जे झिजले, त्यांचे अग्रणी स्वामी रामानंद तीर्थ.

त्यांचे मूळ नाव व्यंकटेश भवानराव खेडगीकर. जन्म विजापूर जिल्ह्यात सिंदगी येथे, ३ ऑक्टोबर १९०३ रोजी. १९२० साली लोकमान्य गेले, तेव्हा ह्या पोराने ब्रह्मचर्याचे आणि देशसेवेचे व्रत घेतले. पुढे ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, आणि १९३२ साली त्यांनी संन्यास घेतला. पण ते रानात गेले नाहीत. पोरे शिकवीत राहिले. अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेतही त्यांनी तेच केले.

१९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सरकारने तिच्यावर बंदी घातली. स्वामीजींनी शाळा सोडली, सत्याग्रह केला, तुरुंग पत्करला. बंदी उठली ती थेट १९४६ साली. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, आणि इकडे स्वामीजींना अटक झाली! मध्ये थोडे दिवस सुटका, की जानेवारी १९४८ मध्ये पुन्हा गजाआड.

ते आत असताना बाहेर रझाकारांचा उच्छाद चालला होता. गावे जळत होती, माणसे पोटचे लेकरू कडेवर घेऊन सरहद्द ओलांडीत होती. सरहद्दीवर कार्यकर्त्यांचे कँप उभे राहिले, नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटून लढ्याला पैसा आणला गेला. सगळा लढा निःशस्त्र राहिला असे आम्ही म्हणणार नाही. जे घडले ते घडले. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजाम शरण आला. स्वामीजी सुटले.

मग खुर्चीचा मोह? ते दोनदा लोकसभेत गेले खरे, पण मन शाळेतच. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, त्यामागे त्यांचाच ध्यास. भाषावार प्रांत व्हावेत म्हणून, ज्या हैदराबाद राज्यात ते नेते होते, तेच मोडावे असे ते म्हणाले. १९५६ साली ते मोडले आणि आमचा मराठवाडा मराठी मुलखात आला. २२ जानेवारी १९७२ रोजी हैदराबादेत त्यांनी देह ठेवला. नांदेडच्या विद्यापीठाला आज त्यांचे नाव आहे.

माळकऱ्यांनो, वैराग्य म्हणजे लोकांकडे पाठ फिरविणे नव्हे, हे ह्या संन्याशाने जगून दाखविले. पुढच्या वारीत पाऊल टाकताना त्यांना एकदा मनोमन दंडवत घाला. रामकृष्णहरी!