सुरतेतले दादोबा

दादोबा पांडुरंग तर्खडकर म्हटले की मराठी व्याकरण आठवते. पण त्यांच्या आयुष्यातले एक मोठे प्रकरण आपल्या सुरतेत घडले, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसते.

दादोबांचा जन्म १८१४ साली मुंबईत झाला. १८३६ मध्ये त्यांचे व्याकरण छापून निघाले. पुढे ते सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिक्षक म्हणून आले. येथे दुर्गाराम मेहताजींशी त्यांचे सूर जुळले आणि २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्म सभा स्थापन केली. सभेत जातिभेदावर उघड चर्चा होई, मांत्रिकांना आपले सामर्थ्य दाखवण्याचे आव्हान दिले जाई. दादोबा नास्तिक नव्हते. ईश्वर एक, मनुष्यजात एक आणि विचाराचे स्वातंत्र्य प्रत्येकाला, असे त्यांचे मत होते.

सरकारी पगार घेणाऱ्या माणसाला हे कसे परवडले? १८३३ च्या सनदी कायद्याने धर्म, जन्मस्थान, वंश किंवा वर्ण यांवरून कोणालाही कंपनीच्या नोकरीस अपात्र ठरवता येत नव्हते. मोठ्या जागा गोऱ्यांकडेच राहिल्या, ही गोष्ट वेगळी. तरीही दादोबा डेप्युटी कलेक्टर झाले, रावबहादूर झाले. उलट खुद्द इंग्लंडात १८८० साली निवडून आलेल्या ब्रॅडलॉ या नास्तिकाला पार्लमेंटात रीतसर बसायला १८८६ उजाडले!

मात्र सरकार जे विचारत नव्हते, ते जात विचारत होती. १८४९ मध्ये दादोबांच्या प्रेरणेने मुंबईत परमहंस सभा निघाली, ती गुप्तपणे. जातिभेद मोडू पाहणारे हे सुशिक्षित तरुण वाळीत पडण्याच्या धाकात होते. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि सभा मोडली. कायद्याने दिलेली मोकळीक समाजाने दिली नाही, तर ती अपुरीच राहते.

१८८२ मध्ये दादोबा गेले. आज आपला मंत्री ईश्वरसाक्ष शपथ घेऊ शकतो किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करू शकतो. राज्यघटनेला दोन्ही सारखीच मान्य. अधिकाऱ्याची पारख त्याच्या कामावरून व्हावी, देवघरावरून नव्हे. बाप्पापुढे आपण हात जोडतो ते मनापासून. कोणी सक्ती करत नाही, म्हणून तर त्या नमस्काराला मोल आहे. सुरतेच्या या मराठी मास्तरांची आठवण त्यासाठी ठेवायची.