दुष्काळाची लेक, अनाथांची आई

पाऊस गेला म्हणजे तो धनिकाच्या शेतावर पडत नाही व दीनाच्या शेतावरही पडत नाही. ह्यावरून दुष्काळ सर्वांस सारखाच, असे पुष्कळांस वाटते. परंतु कोणाचे पेव अगोदर रिकामे होते व कोणाची लेक अगोदर रस्त्यावर येते, हे ज्याने पाहिले त्याचा हा भ्रम टिकत नाही. पंडिता रमाबाईंनी दुष्काळ दोनदा जवळून पाहिला: एकदा उपाशी मुलगी म्हणून, आणि एकदा उपाशी मुलींस हुडकून आणणारी आई म्हणून.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात ब्राह्मण कुळात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकरूढी मोडून पत्नीस संस्कृत शिकविले, आणि रमाबाईंस ती विद्या आईकडून मिळाली. हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडून पुराणे सांगे व मिळेल त्यावर निर्वाह करी. १८७४ च्या सुमारास दक्षिणेत अन्न दुर्मिळ झाले. दागिने गेले, भांडी गेली, शेवटी रानातील पाने व फळे खाण्याची पाळी आली. घरात विद्या होती, पण हातास कसलेही काम ठाऊक नव्हते. मजुरी करणे कुळास कमीपणा आणणारे, असे सर्वांच्या मनावर बिंबलेले होते. अखेरीस वृद्ध पित्याने जलसमाधी घेण्याचे ठरविले, तेव्हा थोरले बंधू श्रीनिवास ह्यांनी कुळाचा अभिमान सोडून मजुरी करण्याची तयारी दाखविली. परंतु फार उशीर झाला होता. थोड्याच दिवसांत वडील वारले, त्यांच्यामागून आई, आणि पुढे थोरली बहीण पटकीने गेली. सुकाळात जी जात भूषण होती, तीच दुष्काळात पायातील बेडी ठरली.

उरलेली दोघे भावंडे देशभर पायी फिरली. झेलम नदीकाठी थंडीपासून बचाव व्हावा म्हणून वाळूत खड्डे खणून त्यांत त्यांनी रात्री काढल्या. १८७८ साली ती कलकत्त्यास पोहोचली. तेथे विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. विद्येने त्यांस वर काढले. निरक्षर मुलीच्या हाती असा दोर कोठला, हा विचार पुढे त्यांच्या मनातून कधी गेला नाही.

१८८० साली बंधू वारले, व १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने निवर्तले. पदरी मनोरमा ही एकुलती एक लेक. १८८३ साली इंग्लंडात बाईंचा बाप्तिस्मा झाला. अमेरिकेतील मित्रांच्या साहाय्याने ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईस विधवांकरिता शारदा सदन उघडले व पुढील वर्षी ते पुण्यास नेले.

१८९६ साली मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकून बाईंस आपले आईबाप आठवले आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. सरकारने खडी फोडण्याची कामे काढली होती, पण ज्याच्या अंगी बळ त्यासच मजुरी मिळे. तान्ह्या मुलाची आई, बालविधवा व पोरकी मुलगी मागेच राहत. त्यातच दुष्ट लोक कामांच्या व अनाथगृहांच्या भोवती घिरट्या घालून, भाकरीचा तुकडा दाखवून तरुण मुलींस कुमार्गास नेत. ज्यांस कोणीच विचारीत नव्हते अशा सुमारे ३०० मुली व स्त्रिया बाईंनी आपल्यासोबत आणल्या.

इतक्यात पुण्यास प्लेग आला, आणि नव्या माणसांस शहरात ठेवण्याची परवानगी मिळेना. तेव्हा बाईंनी केडगाव येथील आपल्या जमिनीवर झोपड्या व तंबू उभारून ह्या लेकरांस तेथे नेले. प्लेगच्या इस्पितळात व छावणीत गरीब तरुण स्त्रियांच्या अब्रूचे रक्षण नीट होत नाही, अशी तक्रारही त्यांनी १८९७ साली मुंबईच्या एका ख्रिस्ती पत्रात उघडपणे छापविली. सरकारने ती मान्य केली नाही. तथापि ज्यांच्या वतीने कोणी बोलणारे नव्हते, त्यांच्या वतीने एक स्त्री निर्भयपणे बोलली, हे लोकांनी पाहिले.

१८९८ साली केडगावच्या मुक्ती सदनाची रीतसर स्थापना झाली. पुढे १८९९-१९०० च्या दुष्काळात गुजरात व राजपुताना येथूनही मुली आल्या, आणि तेथील संख्या दीड हजाराच्या आसपास गेली. तेथे पंक्तिभेद नव्हता. प्रत्येकीने अक्षरे शिकावी व एखादा धंदाही शिकावा, असा नियम होता. कोणी शेत पिकवी, कोणी माग चालवी, कोणी छापखान्यात खिळे जुळवी. आंधळ्या स्त्रियांस मनोरमाबाईंनी बोटांनी वाचावयास शिकविले. ज्या उणिवेने डोंगऱ्यांचे घर बुडाले, ती उणीव ह्या लेकींत राहू नये अशी ही योजना होती. बाई ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे प्रभूमध्ये निद्रिस्त झाल्या.

प्रिय बंधुभगिनींनो, दुष्काळ व मरी ही कोणास नव्याने दीन करीत नाहीत. ज्यास आपण अगोदरच दूर बसविले आहे, त्यासच ती आधी गाठतात. म्हणून संकटाची वाट न पाहता, आज सुकाळी आपल्या गावातील घरे एकदा मनात मोजून पाहा. उद्या धान्य संपले, तर कोणाची चूल आधी विझेल? त्या घरी आजच जा. तेथील मुलीस अक्षरे शिकवा, तिच्या हातास काम द्या, आणि तिला आपल्या पंक्तीस बसवा.